गावाकडची गाडी कुठं थांबते?

पहाटे पावणेपाचला वाघोलीच्या केसनंद फाट्यावर ट्रॅव्हल्स थांबली. क्लीनरनं डिकी उघडली आणि माणसांआधी पोती उतरली. ज्वारीची तीन, बाजरीचं एक. तोंडं सुतळीनं शिवलेली, अंगावर निळ्या मार्करनं आडनाव आणि मोबाइल नंबर. मागून वर्तमानपत्रानं झाकलेले सीताफळांचे दोन क्रेट आले. अंधारात तीन मोटारसायकली आधीपासून उभ्या होत्या. एकानं पोतं टाकीवर आडवं घेतलं, त्यावर छाती टेकली आणि तो बकोरी रस्त्यानं निघून गेला. दोन मिनिटांत गाडी खराडीकडं सुटली.

गाडी पाटोद्याहून रात्री निघालेली. त्या पोत्यांपैकी एक ज्याच्या नावाचं होतं तो माझ्याशेजारी उभा होता. त्याला पोतं घेऊन अजून पाऊण तास जायचं होतं, लोणीकंदला मागं वळून तुळापूर, मरकळ, आळंदीवरून भोसरीला. ‘‘ताई, इथं घर घेतलं ना, तर हे पोतं पाच मिनिटांत घरात,’’ तो म्हणाला. ‘‘पण मग रोज चाकणला मला कोण नेणार?’’

यंदाच्या अंकाचा विषय ‘उंबरठा’. संपादकांचं म्हणणं असं, की बीडची इतकी माणसं पुण्यात येतात, ती घर कुठं घ्यायचं हे कशी ठरवतात ते बघून लिहा. मी मूळची केज तालुक्यातली, त्यामुळं उत्तर मला ठाऊक आहे असं आधी वाटलं होतं. मग पोतंवाला तो आणि त्याची बायको, या जोडप्याबरोबर तीन रविवार हिंडले आणि लक्षात आलं, की चौरस फुटाचा भाव हा त्यांच्या यादीतला बराच खालचा मुद्दा आहे.

तो पाटोदा तालुक्यातल्या एका वाडीचा. बीडला आयटीआय करून चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात लागला, पाच वर्षांनी कायम झाला. ती माझ्याकडची, केज तालुक्यातली. मुलगी पहिलीत. भोसरीत दोन खोल्या भाड्यानं. त्याचे आई-वडील अजूनही ऊस तोडायला जातात. दोघं मिळून एक कोयता. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक वाडीत येतो आणि उचल घेतलेली माणसं तो नेईल त्या कारखान्यावर जातात. यंदा कर्नाटकात, मागल्या साली सांगलीकडं. फड कुठं, कोपी कुठं घालायची, पाणी किती लांबून आणायचं, यातलं काहीही त्या दोघांनी आयुष्यात कधी निवडलेलं नाही. मुलाला लहानपणी आजीकडं ठेवलं, पुढं गावच्या हंगामी वसतिगृहात. त्या घरात राहायची जागा स्वतः निवडणारा तो पहिला माणूस आहे. ही गोष्ट त्याच्या बायकोनं मला सांगितली. तो स्वतः त्याबद्दल काही बोलत नाही, फक्त प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर जाऊन बराच वेळ उभा राहतो.

तीन रस्ते

बीड जिल्ह्याचे तालुके अकरा आणि पुण्याला यायच्या वाटा मुख्यतः दोन. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, बीड इकडची माणसं नगरवरून येतात. आता त्याला अहिल्यानगर म्हणायचं, पण तिकीट मागताना तोंडात नगरच येतं. पुढं सुपे, शिरूर घोडनदी, रांजणगाव, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, लोणीकंद आणि पुण्याचा पहिला गजबजलेला थांबा म्हणजे वाघोली. केज, अंबाजोगाईकडच्या बऱ्याच गाड्या कळंब-बार्शीवरून टेंभुर्णीला निघतात आणि सोलापूर रस्ता धरतात. इंदापूर, भिगवण, यवत, उरुळी कांचन, मग शेवाळेवाडी आणि हडपसरची गाडीतळ. परळीच्या माणसाला शिवाय रेल्वे आहे, नांदेडहून पनवेलला जाणारी. लातूर, कुर्डुवाडी, दौंड करत ती पुण्यात येते.

आता नकाशावर बोट ठेवून बघा. पाटोद्याचा माणूस वाघोली, लोहगाव, चंदननगर, खराडीत सापडतो, केजचा-अंबाजोगाईचा मांजरी, शेवाळेवाडी, फुरसुंगीत. गावाकडची गाडी जिथं पहिल्यांदा थांबते तिथं पहिला नातेवाईक उतरला, त्यानं खोली घेतली, पुढचे त्याच्या दारात आले. नियम म्हणावा इतकं हे पक्कं नाही, पण दहा घरांत विचारा, सहा-सात घरांत हेच ऐकायला मिळेल.

वाघोलीशी मराठवाड्याची ओळख याहून जुनीही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलं शिकायला पुण्याला आणली, त्यांचं संकुल इथंच उभं राहिलं. पुढं शेतकरी आत्महत्यांनी उघड्या पडलेल्या घरांतली लेकरंही तिथं आली. आमच्या भागात ‘वाघोलीला टाकलंय’ म्हटलं की शिकायला ठेवलंय असा अर्थ व्हायचा.

तिसरा रस्ता कामाचा. भोसरीची एमआयडीसी, तळवडे आणि चाकण यांनी माणूस ओढला, तो भोसरी, दिघी, मोशी, चिखली, चऱ्होलीत वसला. भोसरी आधीपासूनच पिंपरी-चिंचवडमध्ये होती, बाकीची गावं १९९७ साली महापालिकेत आली. रस्ते रुंद झाले, ड्रेनेज आलं, शाळा आल्या. आळंदी शेजारीच. जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत आमच्याकडची कितीतरी पोरं पखवाज आणि कीर्तन शिकून गेली, आणि लग्नसराईत आळंदीची मंगल कार्यालयं मराठवाड्याच्या वऱ्हाडांनी भरलेली असतात. मोशीत राहणाऱ्याला पुण्यात आल्याचं परकेपण कमी वाटतं, त्यात आळंदीचा वाटा मोठा आहे.

तर या जोडप्यापुढं पेच असा उभा राहिला. वाघोली म्हणजे तिच्या सासरचा रस्ता. मांजरी-फुरसुंगी म्हणजे तिच्या माहेरचा. मोशी म्हणजे नोकरीचा, आणि तिथं गावाकडची कोणतीच गाडी सरळ वाटेत येत नाही. काही ट्रॅव्हल्स भोसरी-निगडीपर्यंत येतात, पण दीड तास पुण्याला वळसा घालून.

रेल्वेनं हा पेच सुटेल असं पाटोद्यात काहींना वाटत होतं. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. नगर ते आष्टी गाडी धावायला सप्टेंबर २०२२ उजाडला आणि बीडला पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. बीडच्या स्टेशनावर त्या दिवशी म्हातारी माणसं रुळांना हात लावून नमस्कार करत होती. ती गाडी नगरपर्यंतच येते. पोतं अजून डिकीतूनच येतं.

पाण्याचा वार

पहिला रविवार वाघोलीचा. एजंट तरुण, बोलायला गोड. त्यानं सुरुवात मेट्रोपासून केली. रामवाडीपर्यंत मेट्रो मार्च २०२४ मध्ये आली, आणि तिथून वाघोलीच्या पुढं विठ्ठलवाडीपर्यंत न्यायला जून २०२५ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली, हे खरंच आहे. त्यानं मुलीसाठी असलेला झोका दाखवला, क्लब हाउस दाखवलं. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, ‘‘पाण्याचा वार कोणता?’’

एजंटला प्रश्न कळलाच नाही.

बीडकडं वाढलेल्या बाईला हा प्रश्न विचारावा लागतो, कारण आमच्याकडं पाण्याला वार असतो. बीड शहरातच नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येतं. कोणत्या गल्लीत कोणत्या दिवशी हे बायकांना पाठ असतं, आणि लग्नाची तारीख धरतानासुद्धा ‘पाणी कधी येतंय’ हे बघणारी घरं मी पाहिलेली आहेत. तिच्या भोसरीच्या खोलीत भिंतीवर कालनिर्णय आहे. त्यावर एक सोडून एक तारखेला निळ्या पेनाची टिकली. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं. शहरातली जुनी माणसं त्यावर चिडून आहेत, आणि पवना धरण भरलेलं असताना पाणी दिवसाआड का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. हिला मात्र त्या टिकल्या म्हणजे श्रीमंती वाटते. दिवसाआड, आणि ठरलेल्या वेळेला! टाकी भरली की ती उरलेल्या पाण्यानं जिना धुते.

वाघोलीत तिला वार मिळाला नाही, मिळाला टँकर. वाघोली ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत आली, त्याच दिवशी मांजरी बुद्रुक, शेवाळेवाडी धरून एकूण तेवीस गावं आली. गाव एका सहीनं पालिकेत येतं, जलवाहिनी तशी येत नाही. धरणातून पाणी उचलायचं, शुद्ध करायचं, उंच टाक्या बांधायच्या, त्यातून गल्लीगल्लीत नळ टाकायचे, याला वर्षं लागतात. शेजारच्या लोहगाव-धानोरीकडं भामा आसखेडचं पाणी जानेवारी २०२१ मध्ये आलं, वाघोलीतल्या मोठाल्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर उभ्या आहेत. टँकरचं बिल महिन्याच्या मेंटेनन्समध्ये मिसळलेलं असतं, त्यामुळं फ्लॅटचा भाव कमी वाटतो. घर घेताना मागच्या उन्हाळ्यातल्या एप्रिल-मेची मेंटेनन्सची पावती मागावी, हे मला तिथल्याच एका काकूंनी सांगितलं. त्या परळीच्या, सोसायटीच्या कमिटीवर आहेत आणि टँकरवाल्यांचे नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये नातेवाइकांच्या नावांआधी येतात.

पाणी मिळण्याइतकंच ते कसलं मिळतं हेही महत्त्वाचं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी या अशाच समाविष्ट गावांच्या परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण निघाले आणि संशय पाण्यावर आला. तेव्हापासून पुण्याच्या कडेला घर बघणारी शहाणी माणसं पाण्याचा स्रोत विचारू लागली आहेत. एजंटनं दाखवलेल्या चकचकीत माहितीपत्रकात स्रोताचा रकाना नव्हता.

दुपारी परत निघताना केसनंद फाट्यावर आम्ही अडकलो. खडी-सिमेंटचे डंपर, कामगारांच्या बस, रिक्षा, सगळं एका गळ्यातून जाणारं. वाघोलीच्या दगडखाणींनी निम्मं पुणं बांधलं असेल, त्या खाणींची वाहनं अजून याच रस्त्यावर आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये याच फाट्याजवळ रात्री फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला आणि तिघांचा जीव गेला, त्यांत दोन चिमुकली होती. कामाच्या शोधात ती माणसं अमरावतीहून आली होती. आमच्या गाडीत त्यानंतर कुणी मेट्रोचं नाव काढलं नाही.

फुरसुंगी, माहेरचा रस्ता

दुसऱ्या रविवारी ती अगदी ठेवणीतली साडी नेसून आली. फुरसुंगीत तिची मावसबहीण राहते. तिच्या घरी आधी जेवण, मग घरं बघायची असा बेत. मावसबहिणीच्या स्वयंपाकघरात ज्वारीच्या भाकरी परातीत नव्हे, ओट्याच्या ग्रॅनाइटवर थापल्या जात होत्या. हात तोच, आवाज वेगळा. दोघी बहिणी एकमेकींशी ज्या भाषेत बोलत होत्या ती मी केजच्या बाजारात ऐकत वाढले. ‘करूलालेय’, ‘जाऊलालाव’ ऐकताना मला तिथून उठावंसं वाटेना. बाईनं घर माहेरच्या रस्त्यावर का घ्यावं, याचं उत्तर त्या तासाभरात मिळालं. मुलीला ताप आला तर रात्री अकराला हाक मारायला कोण आहे, आई आजारी पडली तर हडपसरला उभं राहून थेट गाडी मिळते का, हे हिशोब पगाराच्या स्लिपवर दिसत नाहीत.

आईंना आता येणं सोपं झालंय. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट, आणि पंच्याहत्तरीच्या पुढं प्रवास फुकट. तिची आई पूर्वी वर्षातून एकदा यायची, आता सणावारी येते. पण उपनगर चुकलं तर ती सवलत निम्मी वाया जाते. म्हातारी बाई वाकडेवाडीच्या स्टँडवर उतरून पुढं दोन बस बदलून मोशीला एकटी येऊ शकत नाही. शिवाजीनगरचं स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं, ते अजून तिथंच आहे.

फुरसुंगीची अडचण वाऱ्याबरोबर आली. जेवताना खिडकी उघडी होती, मावसबहिणीनं उठून ती लावली आणि काही न बोलता परत बसली. शेजारच्या उरुळी देवाचीत पुण्याच्या कचऱ्याचा डेपो. वर्षानुवर्षं उघड्यावर टाकलेल्या कचऱ्याचं पाणी जमिनीत मुरलं आणि आसपासच्या विहिरी, बोअर खराब झाल्या. त्याविरुद्ध गावकऱ्यांनी कितीदा गाड्या अडवल्या. कचरा ज्या शहराचा, त्या शहरानं या गावांना पिण्याचं पाणी टँकरनं द्यायचं, यासारखी अन्यायाची गोष्ट नाही. २०१७ मध्ये ही दोन्ही गावं पुणे महापालिकेत घेतली. मिळकतकर शहराचा आणि सोयी खेड्याच्या, अशी तक्रार होत राहिली, आणि २०२४ मध्ये दोन्ही गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. सात वर्षांत एकाच घराचा पत्ता ग्रामपंचायत, महापालिका, नगरपरिषद असा दोनदा बदलला. बांधकाम परवानगी, कर, नळजोड, प्रत्येकासाठी कोणत्या कचेरीत जायचं हेही दरवेळी बदललं. जुन्या इमारतीत घर घेणाऱ्यानं परवानगी कुणी, कोणत्या सालात दिली हे कागदावर बघावं आणि ती कचेरी आता कुठं भरते तेही विचारावं.

तिनं मावसबहिणीच्या मजल्यावरचाच एक फ्लॅट आतून बघितला. आवडला. खाली आल्यावर नवऱ्याला विचारलं, ‘‘इथून चाकणला किती वाजता निघावं लागंल?’’ त्यानं सकाळच्या पाळीचं उत्तर दिलं, ‘‘चारला.’’ ती परत वर जाऊन बहिणीला भेटून आली. उतरली तेव्हा डोळे पुसलेले होते.

अकरा गुंठे

घराला दुसरी एक वाट आहे आणि आमच्याकडची माणसं तीच आधी धरतात. फ्लॅट नको, जागा घ्यावी. शेतकऱ्याच्या पोराला हवेत लटकलेल्या घरापेक्षा पायाखालची माती खरी वाटते. एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, त्यावर दोन खोल्या, मागं जिना काढून वर भाडेकरू. चिखली, मोशी, वाघोली, लोहगावच्या कडेला अशा गल्ल्याच्या गल्ल्या आहेत आणि त्यांतल्या कित्येक घरांवर गावाची नावं लिहिलेली आहेत.

यात मेख आहे ती कागदाची. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं शेतजमिनीचा ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकता येत नाही. मग काय होतं, तर अकरा गुंठ्यांचं एकच खत होतं आणि त्यावर दहा-अकरा अनोळखी माणसांची नावं लागतात. सातबारा सामायिक. कुणाचा तुकडा कुठं, हे फक्त चुन्याच्या फक्कीनं आखलेलं. पावसात फक्की जाते, वाद उरतो. काही ठिकाणी तेवढंही नाही, नुसतं नोटरी केलेलं साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र हातात देतात. जुलै २०२१ मध्ये मंजूर रेखांकनाशिवाय अशा तुकड्यांची दस्तनोंदणी करू नये असं परिपत्रक निघालं, व्यवहार अडकले. २०२५ मध्ये जुन्या तुकड्यांना नियमित करायची वाट सरकारनं मोकळी केली. हजारो घरांना त्यानं जीव आला असेल, आणि मला त्याचा आनंद आहे. पण आज नव्यानं कुणी ‘आता सगळं रेग्युलर होतंय’ म्हणत गुंठा विकत असेल, तर त्यावर विसंबू नये. नियमित होणं हे अर्ज, मोजणी, शुल्क आणि नकाशा यांतून होतं, बोलण्यानं होत नाही.

तिच्या नवऱ्याला चुलत्याचा अनुभव आहे. चुलत्यानं ऊसतोडीतून साठवलेले पैसे बीडमधल्या एका मल्टिस्टेटमध्ये ठेवले होते. जास्त व्याजाचं आमिष होतं. ती संस्था बुडाली, पैसे गेले, चुलता पुन्हा कोयत्यावर गेला. गेल्या काही वर्षांत बीडच्या घराघरांत अशी एक कहाणी आहे. म्हणून हा माणूस ज्या घराला महारेराचा नोंदणी क्रमांक किंवा भोगवटा प्रमाणपत्र नाही, त्या घराच्या जिन्यावरसुद्धा चढत नाही. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढायचा हे त्यानं सुरुवातीलाच ठरवलेलं होतं.

निळी रेषा

तिसरा रविवार मोशी आणि चिखलीचा. इंद्रायणीच्या काठानं जाताना त्यानं गाडी थांबवली आणि एक मोकळं मैदान दाखवलं. सिमेंटचे तुकडे, वाकलेल्या सळया, एका जागी अजून उभी असलेली तुळशीची कुंडी.

१७ मे २०२५ ला महापालिकेनं चिखलीतले ३६ बंगले इथंच पाडले. नदीच्या निळ्या पूररेषेत ते बांधलेले होते. हरित लवादाचा आदेश झाला, सर्वोच्च न्यायालयात तो टिकला आणि पाऊस लागायच्या आधी जेसीबी आले. घरं घेतलेल्यांनी प्लॉटचे पैसे दिले होते, कर्ज काढलं होतं, कित्येकांनी वास्तुशांतही केली होती. नदीची जागा नदीला मिळाली पाहिजे हे मला मान्य आहे. तरीही प्लॉट पाडून विकणारे, बांधकाम उभं राहताना तिकडं न फिरकणारे आणि शेवटी घर गमावणारे यांत शिक्षा एकाच गटाला झाली, हे त्या कुंडीसमोर उभं राहिल्यावर विसरता येत नाही.

पूररेषा दोन असतात. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पाण्यात, बांधायचंच नाही. लाल रेषेपर्यंत अटींवर बांधता येतं. आणि या भागात आणखी एक तांबडी रेषा आहे, तिचा नदीशी संबंध नाही. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती आणि दिघीच्या मॅगझिनभोवती लष्कराच्या हद्दीपासून ठरावीक अंतरात बांधकामाला मनाई आहे. लोक त्याला रेड झोन म्हणतात. तळवडे, चिखली, दिघी, भोसरी, चऱ्होलीचे काही भाग त्यात येतात. तिथं घर स्वस्त मिळतं, बँक कर्ज देत नाही. कर्ज मिळत नाही आणि रोख द्या म्हणतात, एवढ्यावरून काय ते ओळखावं. सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात झोन दाखला मागितला की या दोन्ही रेषा कळतात. त्यानं एका दिवसाची रजा टाकून तो दाखला काढला.

‘‘बीडचे का?’’

भाड्याची खोली शोधणाऱ्यांना एक प्रश्न अलीकडं वारंवार येतो. नाव काय, गाव काय, आणि गाव सांगितलं की ‘‘बीडचे का?’’ डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, महिनोन्‌महिने जिल्हा बातम्यांत राहिला आणि आमचं नाव त्या एका घटनेला चिकटलं. मस्साजोग माझ्याच तालुक्यात आहे. त्या कुटुंबाचं दुःख आणि न्यायाची मागणी आमची सगळ्यांची आहे. पण पाळी करून सकाळी झोपायला जागा शोधणाऱ्या पोराला त्याचा जाब का विचारावा? मोशीत एकानं मला सांगितलं, आता आम्ही ‘नगरकडचे’ म्हणतो. हे ऐकून मला झोप लागली नाही.

म्हणूनही माणसं आपल्या माणसांजवळ घर घेतात. मोशीच्या एका गल्लीत श्रावणात सप्ताह बसतो, वीणा उभी राहते, पंगतीला आष्टी, पाटोदा, शिरूर कासारची माणसं वाढायला असतात. तिथं ‘बीडचे का’ या प्रश्नाला ‘कोणत्या तालुक्यातले?’ असा पुढचा प्रश्न असतो आणि तो मायेनं विचारलेला असतो.

गेवराई, माजलगावच्या कित्येक घरांनी तर पुण्याचं नावच टाकून दिलं आहे. त्यांना सोलापूर-धुळे महामार्गानं छत्रपती संभाजीनगर जवळ. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना, त्याच्याभोवती बजाजनगर आणि रांजणगाव शेणपुंजी. नाहीतर शहराच्या दक्षिणेला सातारा-देवळाई. त्या भागातल्या मोठ्या रस्त्याचं नावच बीड बायपास आहे. तिथं राहणाऱ्या माझ्या एका आतेभावाला मी विचारलं, का रे इथंच? तो म्हणाला, ‘‘पत्ता सांगताना गावाचं नाव येतं.’’

पट्टा पडल्यावर

घर मोशीत ठरलं. बांधून नऊ वर्षं झालेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एक बेडरूमचं, चौतीस लाखांना. कंपनीची बस कोपऱ्यावरून जाते. भोगवटा प्रमाणपत्र आहे, पाणी दिवसाआड सकाळी सहाला, शाळा चालत दहा मिनिटांवर. खाली पिठाची गिरणी आहे आणि गिरणीवाल्या मामांनी पाटीवर लिहिलंय: ज्वारी-बाजरी संध्याकाळी पाचनंतर. गव्हाच्या दळणावर ज्वारी टाकली की भाकरी तुटते, हे कळणारा गिरणीवाला आहे म्हणजे गल्लीत आपली माणसं असणार, असा तिनं अंदाज बांधला. तो खरा निघाला. वरच्या मजल्यावर धारूरचं घर आहे.

खरेदीखत एकट्या तिच्या नावावर होणार आहे. बाईच्या नावावर घर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे चौतीस हजार. तिला आधी पटेना, लोक काय म्हणतील म्हणून. सासूनं फोनवरून निकाल दिला. ‘‘कर तुझ्याच नावावर. माझ्या नावावर कोयता बी नव्हता. निम्मा कोयता होते मी.’’

माहेरच्या गाडीचा प्रश्न सुटलेला नाही. तिनं त्यावर तोडगा काढला तो असा, की आई फुरसुंगीला मावसबहिणीकडं उतरेल आणि रविवारी जावई तिकडून आणतील. सासरचं पोतं केसनंद फाट्यावरच उतरणार, आळंदीवरून मोटारसायकलनं येणार. ज्या पहाटे पोतं यायचं, त्या तारखेवर तिनं कालनिर्णयात पेन्सिलीनं फुली केलेली मी पाहिली, निळ्या टिकलीच्या शेजारी.

मोशीतल्या गुरुजींनी वास्तुशांतीसाठी माघातले दोन मुहूर्त काढून दिले. तिनं दोन्ही नाकारले. गुरुजींनी फाल्गुनातला एक सांगितला, तोही नाही. तेव्हा त्यांनी विचारलं, मग केव्हाचा बघू?

‘‘आमचे मामा-आत्याबाई कर्नाटकात आहेत,’’ ती म्हणाली. सासू-सासऱ्यांना ती असंच म्हणते. ‘‘हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की येतील. मुकादमाला फोन केलाय, तो म्हणतोय मार्चचा शेवट नाहीतर एप्रिल. तुम्ही एप्रिलचे सगळे लिहून द्या.’’

गुरुजींनी पंचांगाची पानं उलटली आणि तिच्या वहीत एप्रिलच्या चार तारखा लिहून दिल्या.